छोट्या ट्रॅक्टरसाठी गवत कापणारा स्लॅशर निवडताना

पाऊस ओसरला, दसरा उलटला की आमच्यापैकी अनेकांच्या मनात दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : वाडीतल्या गवताचे काय करावयाचे? मीरा रोडच्या नया नगरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला वाडी कुठली, असे कोणी विचारील. परंतु वसई, पालघर, डहाणू या पट्ट्यातून नोकरीधंद्यानिमित्त मीरा-भाईंदरला येऊन स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन अजून गावी आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी निघून, रविवारचा मिस्सा गावच्या चर्चमध्ये ऐकून, वाडीवर फेरी मारून रात्री घरी परतणे शक्य झाले आहे. जाता येते, पण एका दिवसात कमरेएवढे वाढलेले गवत कापून होत नाही. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यांची मजुरी चिकूच्या उत्पन्नात बसत नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडावयाचे गवतकापणी यंत्र यांविषयी आमच्याकडे वारंवार विचारणा होते. आम्हा तीन घरांनी मिळून असे यंत्र घेतले आणि निवडीत चूक केली. ती चूक पैशाच्या दृष्टीने महाग पडलीच, शिवाय एकदा तर जिवावरचे संकट थोडक्यात टळले. इतरांवर तशी वेळ येऊ नये, या हेतूने आमचा अनुभव व त्यानंतर मिळवलेली माहिती येथे मांडत आहोत.

नावांचा घोळ

प्रथम नावांविषयी. आपल्याकडे ‘रोटरी’ म्हटले की दुकानदार थेट रोटाव्हेटर दाखवतो. रोटाव्हेटर हे मशागतीचे अवजार आहे. त्याचा दांडा जमिनीला समांतर आडवा असतो आणि त्यावरची एल आकाराची पाती मातीत शिरून ती भुसभुशीत करतात. आपल्याला हवे असलेले यंत्र मातीला स्पर्शही करीत नाही. त्याचा दांडा उभा असतो, त्याच्या खालच्या टोकाला दोन किंवा तीन जाड पाती बसवलेली असतात आणि ती पंख्याप्रमाणे फिरून गवत, झुडपे, कोवळ्या फांद्या छाटतात. आपल्या बाजारात यास स्लॅशर किंवा रोटरी स्लॅशर म्हणतात. अमेरिकेत याच यंत्राला सर्रास ‘बुश हॉग’ म्हणतात. मुळात ते एका कंपनीचे नाव, पण पुढे यंत्रालाच चिकटले. तिसरा प्रकार मल्चरचा. त्यातही दांडा आडवाच असतो, परंतु त्यावर लोंबणारी अनेक छोटी पाती गवताचा व काडीकचऱ्याचा बारीक चुरा करतात. उसाचे पाचट, केळीचे खुंट, द्राक्षबागेतील छाटणीच्या काड्या यांसाठी मल्चर उत्तम. मात्र तो वजनाने जड, किमतीने चढा आणि त्याच रुंदीच्या स्लॅशरपेक्षा अधिक ताकद मागणारा असतो.

गवतासाठी रोटाव्हेटर फिरवण्याची प्रथा पडू लागली आहे, तिच्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. चिकूची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्या थरात असतात. रोटाव्हेटर ती तोडतो. उतारावरच्या जमिनीत तर मोकळी झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. स्लॅशरने कापलेल्या गवताचे बुडखे जागेवर राहतात, मुळे माती धरून ठेवतात आणि कापलेले गवत आच्छादन होऊन ओल टिकवते. ज्यांना आंतरपीक घ्यावयाचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. केवळ गवत हटवावयाचे असेल, तर माती उकरण्याचे कारण नाही.

आमची चूक

आम्ही घेतलेला ट्रॅक्टर वापरलेला होता, २४ अश्वशक्तीचा. त्यास शोभेल असा स्लॅशर घ्यावयास आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने पाच फुटी यंत्र पुढे केले. “फेऱ्या कमी होतील, डिझेल वाचेल,” असे त्याचे म्हणणे. आम्हांलाही ते पटले. मोठी वस्तू थोड्याच अधिक पैशांत मिळत असेल तर लहान कशाला घ्यावी, असा हिशेब कोण करीत नाही?

पहिल्याच शनिवारी हिशेब उलटा पडला. दाट, दवाने ओल्या गवतात शिरताच इंजिन गुदमरू लागले. पुन्हा पुन्हा थांबावे लागले. पात्यांचा वेग उतरल्याने गवत कापले न जाता आडवे पडले आणि पात्यांभोवती गुंडाळले गेले. चिकूच्या ओळींतून वळताना यंत्राचा मागचा कोपरा एका खोडाला घासून साल निघाली. यंत्र उचलून बांध ओलांडताना पुढची चाके जमिनीवरून हलकी होऊ लागली आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळेना.

ताकदीचा हिशेब असा आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. स्लॅशरला मिळते ती मागच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे पी.टी.ओ.ची. ती इंजिनाच्या आकड्याहून नेहमीच कमी भरते, आणि जुन्या ट्रॅक्टरमध्ये आणखी कमी. कंपनीच्या माहितीपत्रकात पी.टी.ओ. अश्वशक्तीचा आकडा स्वतंत्र दिलेला असतो, तोच विचारावा. मध्यम प्रतीच्या गवतासाठी दर फूट रुंदीस सुमारे पाच पी.टी.ओ. अश्वशक्ती लागते, हा जगभर मानला जाणारा ढोबळ नियम. घाणेरी, रानमोडी किंवा बोटाएवढ्या जाड झुडपांचे रान असेल तर याहून अधिक. आमच्या ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर वीसच्या आसपास अश्वशक्ती मिळत होती. म्हणजे चार फुटी यंत्र त्यास नेमके. पाच फुटी यंत्रास पंचवीस हवी होती. १५ अश्वशक्तीच्या अगदी लहान ट्रॅक्टरमागे अडीच फुटांहून मोठा स्लॅशर लावण्याचा मोह धरू नये.

आता फेऱ्या कमी होण्याचे पाहू. चार फुटी यंत्र ताशी तीन किलोमीटर वेगाने चालवले आणि वळणे व एकावर एक येणारे पट्टे यांत पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तर तासाला साधारण पाऊण एकराला थोडे कमी गवत कापून होते. पाच फुटीने त्याच वेगात नव्वद गुंठ्यांचा शंभरावा नव्हे, एकराचा नऊ-दशांश भाग होतो. दोन एकरांच्या वाडीत फरक पडतो तो सुमारे अर्ध्या तासाचा. तोही पाच फुटी यंत्र तेवढाच वेग राखील तर. आमचे तर राखीतच नव्हते. अर्ध्या तासाच्या आशेने आम्ही दिवस घालवीत होतो.

कापणीची रुंदी आणि यंत्राची एकूण रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. पाच फूट कापणाऱ्या यंत्राचे कवच पाच फुटांहून रुंद असते. उलट कापणीची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरील अंतराहून थोडी तरी अधिक हवी. नाहीतर चाकाखाली दबलेले गवत तसेच राहते. छोटे ट्रॅक्टर मुळात अरुंद असल्याने चार फुटी यंत्र त्यांची चाके सहसा झाकते. तरीही खरेदीपूर्वी टेप लावून मापे घ्यावीत. दुकानात कोणी हसले तरी हरकत नाही.

वाडीची मापे

यंत्र ट्रॅक्टरला जुळले की काम झाले असे नाही. ते वाडीलाही जुळावे लागते. आमच्या बाजूस चिकू मुख्य. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेल. जुन्या बागांत चिकूची झाडे १० मीटर अंतरावर असतात. कागदावर हे अंतर प्रशस्त वाटते, परंतु चाळीस वर्षांच्या झाडाचा घेर दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो आणि फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात. मधली मोकळी वाट दोन-अडीच मीटरचीच उरते. ट्रॅक्टर जाईल, पण चालकाचे डोके फांदीत आणि यंत्र खोडापासून दूर. अशा बागेत बाजूला सरकवता येणारा स्लॅशर उपयोगी पडतो. ट्रॅक्टर वाटेवर राहतो आणि यंत्राची एक कड झाडाच्या छायेत शिरते. किंमत अधिक असते, तरी ज्यांची सारी बाग जुन्या चिकूची आहे त्यांनी याचा विचार अवश्य करावा. खोडालगतचे दोन-तीन फूट मात्र विळ्यानेच काढावेत. खोडाची साल एकदा सोलली की तेथून रोग शिरतो, आणि ते झाड लावणारे आजोबा पुन्हा येणार नाहीत.

नारळाची लागवड साधारण साडेसात मीटरवर असते, तेथे अडचण कमी. केळीच्या बागेत ट्रॅक्टरचा प्रश्नच येत नाही. दीड-दोन मीटरच्या अंतरात तो शिरणार नाही. वसईतील गुंठ्या-गुंठ्यांच्या वाड्यांत, जेथे केळी, पानवेल, फुलझाडे दाटीने एकत्र आहेत, तेथे पाठीवरचा ब्रशकटर हेच योग्य साधन. अर्ध्या एकराच्या आतील वाडीसाठी कोणी ट्रॅक्टरचा सल्ला दिला, तर तो सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा समजावा.

येथेच दफनभूमीचाही उल्लेख करतो, कारण अनेक धर्मग्रामांत २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवसापूर्वी ती साफ करण्याची लगबग असते आणि कोणीतरी “ट्रॅक्टर आणा” म्हणतोच. कबरींच्या मधून स्लॅशर चालवू नये. गवतात दडलेली क्रूसाची दांडी, संगमरवराचा तुकडा, मेणबत्तीचे लोखंडी स्टँड यांवर पाते आदळले तर काय होते, ते पुढे सांगितले आहे. तेथे विळा आणि ब्रशकटर, आणि तोही डोळ्यांना चष्मा लावून.

वजन आणि उचल

छोट्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक उचल ५०० ते ७५० किलो असल्याचे माहितीपत्रकात लिहिलेले असते. चार फुटी स्लॅशर त्याच्या निम्म्याहूनही हलका असतो, म्हणून विक्रेता निश्चिंत करतो. परंतु तो आकडा बहुधा लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. स्लॅशरचे वजन त्या टोकाच्या बऱ्याच मागे पडते, कारण त्याचा सांगाडा लांब आणि मागे टेकूचे चाक. काठीच्या टोकाला बांधलेली कळशी हातातल्या कळशीपेक्षा जड लागते, तसेच हे. हायड्रॉलिकने यंत्र उचलले तरी पुढची चाके हलकी होतात, आणि खरा धोका तेथे आहे. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. त्यासाठी पुढे बसवावयाची ओतीव लोखंडाची वजने मिळतात. आम्ही ती घेतली नव्हती. विक्रेत्याने विचारले नाही आणि आम्हांला ठाऊक नव्हते.

जोडणीच्या पिनाही तपासाव्यात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांची जोडणी पहिल्या श्रेणीची असते, काही अतिलहान ट्रॅक्टरांची त्याहून अरुंद. मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार ठोकून-ठाकून बसवण्याचा उद्योग करू नये.

क्लचची गोष्ट

आता त्या संकटाविषयी. बांधाच्या कडेने गवत कापीत असताना पुढे उतार आला, म्हणून आमच्यापैकी जो चालवीत होता त्याने क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. क्लच पूर्ण दाबलेला असताना तो आपला पुढे चाललाच. बांधाच्या पलीकडे दहा फूट खोल ओहोळ होता. ब्रेकवर दोन्ही पाय रोवून कसाबसा तो कडेपासून हातभर अंतरावर थांबला. ट्रॅक्टर बिघडला असे समजून आम्ही तो मेकॅनिकला दाखवला. त्यास काहीच दोष आढळला नाही.

उलगडा झाला तो नया नगरात. आमच्या इमारतीखाली वेल्डिंगचे दुकान चालवणारे शेजारी, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो, मूळचे उत्तर प्रदेशातील शेतकरी. घरी पिढीजात ट्रॅक्टर. हकिगत ऐकताच त्यांनी विचारले, “क्लच सिंगल आहे का? आणि शाफ्टला ओव्हररन क्लच लावला आहे का?” पहिल्याचे उत्तर होय होते, दुसऱ्याचे नाही. मग त्यांनी चहाच्या पेल्याखालची बशी फिरवून समजावले.

स्लॅशरची पाती आणि त्यांची जाड तबकडी मिळून एक भारी चक्र असते. ते एकदा वेगात आले की इंजिनाशी संबंध तुटला तरी फिरत राहते. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्यावर इंजिन सुटे होते, परंतु पी.टी.ओ. आणि चाके गिअर बॉक्समधून एकमेकांस जोडलेलीच राहतात. फिरणारे चक्र आपली ताकद उलट्या मार्गाने शाफ्टमधून गिअर बॉक्सला आणि तेथून चाकांना देते. इंजिन नव्हे, स्लॅशर ट्रॅक्टरला ढकलत असतो. ओव्हररन क्लच ही शाफ्ट आणि पी.टी.ओ. यांच्यामध्ये बसणारी छोटी वस्तू. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे ती ताकद एकाच दिशेने जाऊ देते. पायडल थांबवले तरी सायकलचे चाक फिरते आणि पाय ओढले जात नाहीत, तसे पाती फिरत राहतात आणि ट्रॅक्टर थांबतो. यंत्राच्या किमतीच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते.

ज्या ट्रॅक्टरमध्ये ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पी.टी.ओ. क्लच आहे, तेथे हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. म्हणून वापरलेला ट्रॅक्टर घेताना क्लच कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न टायरांच्या आधी विचारावा.

दुसरे संरक्षण गिअर बॉक्सचे. पाते दगडाला किंवा बुंध्याला अडकले तर धक्का कोणीतरी सोसला पाहिजे. त्यासाठी दोन पद्धती आहेत. एक, शिअर बोल्ट : तो मुद्दाम मऊ पोलादाचा असतो, धक्का बसताच तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. स्वस्त आणि खात्रीची पद्धत. मात्र तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला येईल तो कडक बोल्ट घालणे म्हणजे पैसे वाचवून गिअर बॉक्स मोडणे होय. मूळ प्रतीचे पाच-सहा बोल्ट पेटीत ठेवावेत. दुसरी पद्धत स्लिप क्लचची. त्यात घर्षणाच्या चकत्या घसरून धक्का पचवतात आणि काम अडत नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत चार महिने उभे राहिल्यावर त्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग तो क्लच नसल्यासारखाच. दरवर्षी हंगामाच्या आरंभी त्याचे स्प्रिंग सैल करून चकत्या एकदा घसरू द्याव्यात आणि पुन्हा कसावेत. ज्यांना हे करणे जमणार नाही, त्यांच्यासाठी आमच्या मते शिअर बोल्टच बरा.

शाफ्टची लांबी हाही दुर्लक्षित विषय आहे. शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो आणि नवा शाफ्ट मुद्दाम लांब दिलेला असतो, ट्रॅक्टरप्रमाणे कापून घ्यावा म्हणून. आमचा कोणी कापलाच नाही. यंत्र उचलताना नळ्या पूर्ण मिटल्या, शाफ्टने गिअर बॉक्सला रेटा दिला आणि दुसऱ्याच महिन्यात सीलमधून तेल गळू लागले. शाफ्ट सर्वांत आखूड स्थितीत असताना दोन-तीन सेंटिमीटर जागा उरावी, आणि सर्वांत लांब स्थितीत नळ्या किमान एक-तृतीयांश एकमेकींत असाव्यात. यंत्र ताब्यात घेताना हे विक्रेत्याकडून समोर करून घ्यावे.

पाती आणि माणसे

पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. स्लॅशरच्या गिअर बॉक्समध्ये तो वेग वाढून सामान्यतः हजारच्या घरात जातो. चार फुटी यंत्राच्या पात्याचे टोक त्या वेळी ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. गवतातला दगड, तारेचा तुकडा, फुटकी बाटली त्या वेगाने बाहेर फेकली जाते. म्हणून यंत्राच्या पुढेमागे साखळ्यांचा किंवा जाड रबराचा पडदा हवाच, आणि तो असला तरी शंभर मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. शनिवार-रविवारी वाडीवर आलेली मुले हौसेने ट्रॅक्टरमागे धावतात. त्यांना घरात ठेवावे. कापणीआधी वाडीतून एकदा पायी, गमबूट घालून, काठी आपटीत फिरावे. दगडगोटेही दिसतात आणि घोणस, फुरसे असेल तर निघून जाते.

पाती पक्की जखडलेली नसून एका बोल्टभोवती मागे झुकणारी असावीत, आणि ती दांड्याला नव्हे तर गोल, बशीसारख्या तबकडीला लावलेली असावीत. बुंधा लागल्यास पाते मागे वळते आणि तबकडी बुंध्यावरून सरकते. दगडाळ जमिनीसाठी ही रचना आग्रहाने मागावी. कवचाचा पत्रा जाड हवा. बोटाने ठोकून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येत असेल तर पुढच्या दुकानात जावे.

सर्वांत मोठे भय मात्र पात्यांचे नसून शाफ्टचे आहे. सेकंदाला नऊ फेरे फिरणाऱ्या उघड्या शाफ्टने लुंगीचे टोक, खांद्यावरचा टॉवेल, साडीचा पदर किंवा ओढणी पकडली, तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण अनेक ठिकाणी “ग्रीस लावायला अडचण होते” म्हणून काढून टाकलेले आम्ही पाहिले आहे. वापरलेले यंत्र घेताना आवरण नसेल तर त्याची किंमत व्यवहारात धरून ते आधी बसवावे आणि मगच यंत्र सुरू करावे. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून आणि पाती पूर्ण थांबल्यावरच मागे जावे. यंत्राखाली हात घालण्यापूर्वी त्याखाली लाकडी ठोकळे ठेवावेत. हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नये. स्लॅशरच्या कवचावर वजनासाठी माणूस बसवण्याची एक भयंकर पद्धत आहे, तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.

केव्हा कापावे

कोकण पट्टीत गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हिरवे असतानाच कापणे हिताचे. डिसेंबरनंतर ते वाळते आणि जानेवारीपासून वणव्याची भीती सुरू होते. शेजारच्या डोंगरावर कोणी पेटवलेल्या गवताची ठिणगी आपल्या वाडीत आली, तर एका दुपारी वीस वर्षांची कलमे जातात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा-काजूच्या बागायतदारांना हे नव्याने सांगावयास नको. वाडीच्या हद्दीलगत चार-पाच मीटरचा पट्टा अगदी खाली कापून तेथील गवत उचलून न्यावे. आतील भागात मात्र तीन-चार इंच उंची राखून कापावे आणि गवत तेथेच पसरू द्यावे. गाजर गवत असेल तर ते फुलावर येण्याआधी कापले पाहिजे. फुलल्यानंतर स्लॅशर फिरवणे म्हणजे त्याचे बी वाडीभर पेरणे.

विकत की भाड्याने

येथे आम्ही थोडे परखड लिहितो. ज्यांची वाडी दोन-तीन एकरांची आहे आणि वर्षातून दोनदाच गवत कापावयाचे आहे, त्यांनी यंत्र स्वतः घेण्याची गरज नाही. वर्षाचे पंधरा-वीस तास चालणारे यंत्र उरलेला काळ गंजत उभे राहते. गावात अवजारे बँक किंवा भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा असेल तर त्याच्याकडून करून घ्यावे. नसेल, तर चार-पाच घरांनी मिळून घ्यावे. परंतु डिझेल कोणी भरावयाचे, पाती कोणी बदलावयाची आणि मोडल्यास खर्च कसा वाटावयाचा, हे आधी कागदावर लिहावे. भावाभावांत तर आवर्जून लिहावे.

घेणारच असाल तर शासकीय अनुदानाची चौकशी करावी. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू झाले आणि महाराष्ट्रात त्याचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना सर्वसाधारणपणे ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल रकमेच्या मर्यादेत, असे त्याचे स्वरूप आहे. सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, दरपत्रक, यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आणि आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पुष्कळांची फसगत होते ती एकाच ठिकाणी : पूर्वसंमती मिळण्याआधीच यंत्र विकत घेतले तर अनुदान मिळत नाही. सातबारा अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असेल, तर वारसनोंदीचे काम यंत्राच्या आधी करावे लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व शेती अवजारांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक त्याप्रमाणे आहे ना, हे पाहावे.

अनुदानाच्या यादीत आहे म्हणून यंत्र निवडणे, ही मात्र पाच फुटी चुकीचीच दुसरी आवृत्ती. राजकोट, कर्नाल, पुणे येथील नावाजलेले कारखाने स्लॅशर व मल्चर बनवतात आणि स्थानिक कारागीरही बनवतात. कोणाचेही घ्या, पण पाती, बोल्ट, सील आणि शाफ्टचे जॉइंट पालघर किंवा वसईत मिळतात काय, हे आधी विचारा. डहाणूजवळ कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. जमिनीचा प्रकार आणि झाडांतील अंतर सांगून तेथील तज्ज्ञांशी बोलल्यास विक्रेत्यापेक्षा निःपक्षपाती सल्ला मिळतो. शक्य असेल तर आपल्याच वाडीत, आपल्याच गवतात, तासभर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा. मोकळ्या मैदानातले प्रात्यक्षिक कोणतेही यंत्र उत्तम करते.

आमचा पाच फुटी स्लॅशर शेवटी ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असलेल्या एका बागायतदाराने घेतला. आम्हांला पडेल किंमत मिळाली, पण त्याच्याकडे तो छान चालतो. त्या पैशांत थोडी भर घालून आम्ही चार फुटी यंत्र, ओव्हररन क्लच आणि पुढची वजने घेतली. शाफ्ट चाचांनी मापून कापून दिला आणि मजुरी घेतली नाही. चिकूची पेटी मात्र घेतली. गेल्या हंगामात दोन एकर तीन तासांत झाले आणि दुपारच्या गाडीने आम्ही घरी होतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पाती नेहमी सर्व एकदम बदलावीत आणि सारख्या वजनाची घ्यावीत. एक नवे व एक झिजलेले पाते लावले की यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते. त्यांना विळ्यासारखी धार देऊ नये. गवत वेगाने कापले जाते, धारेने नव्हे, आणि पातळ धार पहिल्याच दगडावर दुमडते. गिअर बॉक्समधील ९० नंबरचे तेल हंगामाच्या आरंभी पाहावे, आणि काम संपल्यावर कवचाखाली चिकटलेले ओले गवत त्याच दिवशी खरवडून काढावे. रात्रभर राहिले तर खाली गंज धरलाच म्हणून समजा.